आकडा कशाचा, हे तक्त्याने सांगायला हवे

२०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावरचा एक तक्ता काढून टाकला. २००७ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यात २७७ खाद्यपदार्थ होते, २०१० च्या आवृत्तीत ३२६. फळे, भाज्या, सुकामेवा, मसाले, चहा, चॉकलेट, सगळ्यांसमोर एकाच मापातला आकडा: या पदार्थाची अँटिऑक्सिडंट क्षमता किती. ‘ओरॅक’ नावाच्या चाचणीतून हे आकडे आले होते. तक्ता तयार झाला संशोधकांसाठी, पण त्याचा सर्वांत उत्साहाने वापर केला तो पूरक आहार विकणाऱ्यांनी. रसाच्या बाटल्यांवर आणि गोळ्यांच्या डब्यांवर ओरॅकचे आकडे झळकू लागले. तक्ता मागे घेताना खात्याने कारण स्पष्ट सांगितले. परीक्षानळीतल्या या आकड्यांवरून माणसाच्या शरीरात काय घडेल ते सांगता येत नाही, आणि कंपन्या त्यांचा सर्रास गैरवापर करत आहेत.

सरकारी खात्याने स्वतःच खपून केलेले काम असे मागे घेणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. कारण मोजमापात चूक झालेली नव्हती. प्रयोगशाळेतल्या लोकांनी जे मोजायचे ठरवले होते ते नीटच मोजले होते. प्रश्न होता तो त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा याचा.

ही चाचणी कशी होते ते पाहिले की अडचण कुठे आहे ते कळते. फ्लुरोसिन नावाचे एक द्रव्य निळा प्रकाश पडला की हिरवट चमकते. त्याच्या द्रावणात असे एक रसायन घालतात, की जे ३७ अंशांवर संथ गतीने मुक्त मूलके सोडत राहते. मुक्त मूलक म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असा रेणू. तो दिसेल त्या रेणूवर तुटून पडतो. फ्लुरोसिनवरही पडतो, आणि चमक हळूहळू विझत जाते. आता याच द्रावणात सफरचंदाचा अर्क घातला, तर त्यातली द्रव्ये मूलकांना आधी सामोरी जातात आणि चमक जास्त वेळ टिकते. किती जास्त टिकली हे ई जीवनसत्त्वाच्या पाण्यात विरघळणाऱ्या एका कृत्रिम रूपाशी ताडून पाहिले, की आकडा मिळतो. सालीसकट सफरचंदाचा आकडा दर शंभर ग्रॅमला तीन हजारांच्या आसपास होता, तर लवंगेच्या पुडीचा २ लाख ९० हजारांच्या घरात.

लवंग सफरचंदाच्या जवळजवळ शंभरपट! पण शंभर ग्रॅम सफरचंद म्हणजे एक लहानसे फळ, आणि शंभर ग्रॅम लवंगा एखाद्या घराला वर्षभर पुरतील. शिवाय सफरचंदात बहुतांश पाणीच असते आणि लवंग वाळवलेली असते. लवंगेची ताकद येते ती मुख्यतः युजेनॉलमधून, म्हणजे दात दुखताना ज्या तेलाचा बोळा धरतो त्यातल्याच द्रव्यातून. सफरचंदातले क्वेरसेटिन आणि लवंगेतले युजेनॉल हे सर्वस्वी वेगळे रेणू आहेत. ते वेगळ्या वाटेने शोषले जातात, यकृतात त्यांचे वेगळे काहीतरी होते. एकाच मापात मोजल्यावर हा सगळा फरक पुसला गेला.

ओस्लो विद्यापीठातल्या मोनिका कार्लसेन, रूने ब्लूमहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला कोश याच वाटेने गेला, पण फार मोठ्या आवाक्याने. जगभरातून आणलेले ३,१०० हून अधिक पदार्थ, पेये, मसाले, औषधी वनस्पती त्यांनी एकाच पद्धतीने तपासल्या. त्यांची चाचणी वेगळी होती. पदार्थाचा अर्क लोहाच्या एका संयुगाला इलेक्ट्रॉन देतो का, आणि दिल्यावर द्रावण किती निळे होते, यावर ती आधारलेली होती. वनस्पतिजन्य पदार्थांची सरासरी दर शंभर ग्रॅमला साडेअकरा मिलिमोलच्या पुढे, प्राणिजन्य पदार्थांची ०.१८. वाळलेल्या आवळ्याचा आकडा २६१, लवंगेची सरासरी २७७. पण लवंगेच्याच एका नमुन्याने ४६५ गाठले. हा शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. एकाच मसाल्याच्या दोन पाकिटांत एवढी तफावत पडत असेल, तर ‘लवंग’ या शब्दापुढे एकच संख्या लिहिताना हात थोडा अडखळायला हवा. ओस्लोकरांनी किमान आणि कमाल दोन्ही आकडे दिले, ही त्यांच्या कामातली जमेची बाजू.

दरम्यान, शरीर परीक्षानळीसारखे वागत नाही याचे पुरावे साचत होते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता थोड्या वेळासाठी वाढते, हे खरे. पण अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सिल्व्हिना लोटिटो आणि बाल्झ फ्रे यांनी दाखवून दिले, की ही वाढ सफरचंदातल्या क्वेरसेटिनसारख्या फ्लॅव्होनॉइड्समुळे होत नाही. फळातली फ्रुक्टोज साखर पचताना शरीरात युरिक आम्ल वाढते, आणि युरिक आम्ल स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. फ्लॅव्होनॉइड्स रक्तात पोहोचतात ती इतक्या अल्प प्रमाणात आणि इतकी बदललेल्या रूपात, की थेट मुक्त मूलकांशी लढणे हे त्यांचे मुख्य काम असेल असे मानणे अवघड जाते. ती बहुधा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, विकरांवर, आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम करतात. ‘जितके जास्त तितके चांगले’ हे गणित तर फिनलंडमध्ये १९९४ सालीच कोसळले होते. २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या त्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

मग पदार्थांतली ही द्रव्ये मोजत बसण्यात अर्थ काय? माझ्या मते पुष्कळ अर्थ आहे. मात्र मोजायची ती ताकद नव्हे, तर रेणू: कोणता, किती, कोणत्या रूपात. हे काम नेदरलंड्समध्ये जसे उभे राहिले ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, आणि त्याच्या मध्यभागी आहे साधा कांदा.

१९९० च्या सुमारास फ्लॅव्होनॉइड्स कर्करोग रोखतात असा संशय बळावला होता. पण माणसे रोज ती किती खातात हेच कुणाला माहीत नव्हते. जुने अंदाज दिवसाला एक ग्रॅमपर्यंत जात, आणि ते ढोबळ पद्धतींवर बेतलेले होते. मिखाएल हेर्टोख, पेटर हॉलमन आणि मार्टिन कातान यांनी आधी कोश करायचा आणि मग प्रश्न विचारायचा, असा क्रम धरला. डच लोकांच्या जेवणातल्या २८ भाज्या आणि ९ फळे त्यांनी तपासली, पाच निवडक फ्लॅव्होनॉइड्ससाठी.

वनस्पतीत क्वेरसेटिन सहसा सुटे नसते, त्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात. एक साखर, दोन साखरा, या ठिकाणी किंवा त्या ठिकाणी. एकाच मूळ रेणूची अशी डझनावारी रूपे होतात, आणि प्रत्येक मोजायचे तर तितकी प्रमाणित द्रव्ये हाताशी लागतात. हेर्टोख यांनी नमुने आम्लात उकळले. साखरा गळून पडल्या, सगळी रूपे एका मूळ क्वेरसेटिनवर आली, आणि द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर त्याचा एकच ठळक उंचवटा मोजता आला. बहुतेक भाज्यांत क्वेरसेटिन किलोला दहा मिलिग्रॅमच्याही खाली निघाले. केल या पालेभाजीत ११०. कांद्यात मात्र २८४ ते ४८६.

हे आकडे १९९२ मध्ये छापून आले. त्यानंतर हाच तक्ता झुटफेन गावातल्या ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांच्या आहाराला लावला गेला. त्यांची १९८५ पासून नोंद ठेवलेली होती, कोण काय खातो हे विचारून झालेले होते. हिशेब केल्यावर दिसले, की माणसे दिवसाला सरासरी जेमतेम २६ मिलिग्रॅम ही द्रव्ये खातात. त्यातले ६१ टक्के चहातून येते, १३ टक्के कांद्यातून, १० टक्के सफरचंदातून. सर्वाधिक घेणाऱ्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला आणि फ्लॅव्होनॉइड्सवरच्या संशोधनाला पूर आला. ज्या कर्करोगासाठी हा खटाटोप सुरू झाला होता, त्याच्याशी मात्र म्हणावा तसा संबंध दिसला नाही.

पण तक्ता तोच असला तरी सगळीकडे उत्तर तेच येईल असे नाही. हेर्टोख यांनी हाच हिशेब वेल्समधल्या केअरफिली गावच्या पुरुषांवर केला. तिथेही सरासरी जवळपास तेवढीच निघाली, चार पंचमांशांहून अधिक वाटा चहाचा. पण हृदयाला कसलाही फायदा दिसला नाही. वेल्समध्ये चहा दूध घालून पितात, तेव्हा दुधातली प्रथिने फ्लॅव्होनॉइड्सना धरून ठेवत असतील काय, अशी शंका संशोधकांनी बोलून दाखवली. नंतरच्या प्रयोगांत याचे पुरावे उलटसुलट निघाले. दुसरे कारण मला अधिक पटते. केअरफिलीत जास्त चहा पिणारे बहुतांशी कष्टकरी होते, आणि तेच जास्त धूम्रपान करत. चहातले क्वेरसेटिन तक्त्यात बरोबर होते, पण कपासोबत येणारे आयुष्य तक्त्यात नव्हते. दूध घालून उकळलेल्या चहावर ज्यांची सकाळ उजाडते, त्या आपल्यासारख्यांनी झुटफेनचे आकडे उचलण्यापूर्वी केअरफिलीचा निबंधही वाचावा.

दुसरी उणीव हॉलमन यांनीच १९९५ मध्ये दाखवून दिली. साखरा गाळून मोजणे सोयीचे होते, पण शरीराला त्या साखरांशी कर्तव्य आहे की नाही? हे तपासायला त्यांनी नऊ अशी निरोगी माणसे निवडली, ज्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेले होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू क्वेरसेटिन तोडून टाकतात, त्यामुळे एरवी न शोषलेले आणि जिवाणूंनी फस्त केलेले यांत फरक करता येत नाही. या माणसांत तो करता आला. शुद्ध क्वेरसेटिन २४ टक्के शोषले गेले. चहात आढळणारे रुटिन, म्हणजे दोन साखरांच्या जोडीला बांधलेले क्वेरसेटिन, १७ टक्के. तळलेल्या कांद्यातले, ग्लुकोज जोडलेले, ५२ टक्के. म्हणजे कांद्यातले एक मिलिग्रॅम आणि चहातले एक मिलिग्रॅम ही पोटात गेल्यावर एक नव्हेत. हेर्टोख यांच्या तक्त्यात ती एकच होती.

‘फिनॉल-एक्सप्लोरर’ हा २००९ मध्ये फ्रान्सच्या शासकीय कृषी संशोधन संस्थेत, ऑगस्तँ स्काल्बेर यांच्या गटाने उभा केलेला कोश मला यासाठीच आवडतो. त्यांनी नवे प्रयोग केले नाहीत. १,३०० हून अधिक शोधनिबंधांतून ६० हजारांवर आकडे वेचले, एकेक पारखला, आणि ३५ हजारांच्या आसपास ठेवले. ४०० हून अधिक पदार्थ, ५०० पॉलिफेनॉल (फ्लॅव्होनॉइड्स ज्यांत मोडतात तो द्रव्यांचा मोठा गट). कांद्याच्या नावाखाली एक आकडा नाही. लाल, पिवळा, पांढरा अशा वेगळ्या नोंदी आहेत, आणि प्रत्येकीत साखर जोडलेली रूपे स्वतंत्र आहेत. आम्लात उकळून आलेले आकडे न उकळता आलेल्या आकड्यांत मिसळलेले नाहीत. सरासरीमागे कोणते निबंध आहेत, किती नमुने होते, तेही उघडून पाहता येते. पुढच्या आवृत्त्यांत पोटात गेल्यावर होणाऱ्या बदलांची भर पडली, आणि शिजवल्यावर, साठवल्यावर किती उरते त्याची.

हे शेवटचे अंग आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कांद्यात क्वेरसेटिन सर्वांत जास्त असते बाहेरच्या पदरांत. सोलताना सालीबरोबर एक जाड पदर गेला, की बराच वाटा गेला. उकळला तर ते नष्ट होण्यापेक्षा पाण्यात उतरते. रस्सा प्यायला तर पोटात जाते, पाणी ओतून दिले तर मोरीत. परतताना नुकसान तुलनेने कमी. आणि पांढऱ्या कांद्यात मुळातच लाल-पिवळ्यांच्या मानाने अगदी थोडे असते. त्यामुळे नाशिककडच्या लाल कांद्याला आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला ‘कांदा’ या एकाच नावाखाली समान आकडा देणारा हिशेब सुरुवातीलाच फसतो.

आपल्याकडचा मुख्य आधार म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटक तक्ते. देशाचे सहा विभाग पाडून बाजारांतून नमुने आणले, ५२८ पदार्थ तपासले, १५१ घटक मोजले, आणि त्यांत प्रथमच कॅरोटिनॉइड्स आणि पॉलिफेनॉल्स इतक्या तपशिलाने आली. हे प्रचंड काम आहे, आणि त्याआधीच्या कामाशी ते ताडून पाहिले की मोजण्याच्या पद्धतीला किती वजन असते ते उमगते. आवळ्याचेच घ्या. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या ज्या पुस्तकावर आपल्या आहारतज्ज्ञांच्या पिढ्या शिकल्या, त्यात आवळ्यात दर शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. २०१७ च्या तक्त्यात २५२. आवळा काही निम्म्याहून अधिक निःसत्त्व झालेला नाही. पूर्वी क जीवनसत्त्व मोजण्यासाठी एका रंगीत द्रव्याचा रंग घालवून अनुमापन करत. आवळ्यात रंग घालवू शकणारी इतरही द्रव्ये भरपूर, ती सगळी क जीवनसत्त्वाच्या खाती जमा होऊ शकतात. आता यंत्र तो नेमका रेणू वेगळा काढून मोजते. वाण, पिकण्याची अवस्था, झाडावरून उतरवल्यानंतरचे दिवस यांचाही फरक पडतोच. पण शाळेच्या पुस्तकांत आणि च्यवनप्राशाच्या जाहिरातींत आवळ्याची जी ख्याती फिरते, तिचा पाया असे जुने आकडे आहेत, आणि ते बदलल्याची वार्ता फारशी कुणाच्या कानी गेलेली नाही. २५२ हा आकडाही लहान नाही. संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. आवळ्याला फुगवून सांगण्याची गरजच नव्हती.

या तक्त्यांची मर्यादा अशी, की त्यांत मुख्यत्वे कच्चे पदार्थ आहेत, आणि कांद्याच्या नोंदी मोठा व छोटा अशा. आपण खातो ते खरपूस भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण, पिठल्यातला परतलेला कांदा, भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. परदेशी कोशातले शिजवण्याचे गुणक ओव्हन, वाफ, मायक्रोवेव्ह यांचे. तव्यावरच्या फोडणीचे आणि निखाऱ्यावर भाजण्याचे क्वचितच. महाराष्ट्रातल्या एखाद्या आहारसर्वेक्षणात फ्लॅव्होनॉइड्सचा हिशेब करायचा, तर संशोधकाला निम्मे आकडे हैदराबादचे, काही फ्रान्सचे, काही अमेरिकेच्या फ्लॅव्होनॉइड तक्त्यातले घ्यावे लागतात, आणि तीन ठिकाणच्या तीन पद्धती एका बेरजेत येतात. बेरीज दशांशापर्यंत देता येते, म्हणून ती अचूक वाटते, एवढेच.

यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवला. गुंटर कूनले आणि सहकाऱ्यांनी २५ हजारांहून अधिक लोकांच्या बाबतीत तक्त्यावर विसंबायचे टाळले. काय खाल्ले हे विचारण्याऐवजी त्यांनी लघवीच्या साठवलेल्या नमुन्यांत चहा, सफरचंद, कोको यांतल्या फ्लॅव्हॅनॉल्सचे, म्हणजे फ्लॅव्होनॉइड्सच्याच एका उपगटाचे, शरीरात तयार झालेले अवशेष मोजले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी घेणाऱ्या दहा-दहा टक्के लोकांच्या वरच्या रक्तदाबात २ ते ४ मिलिमीटरचा फरक दिसला. एका माणसासाठी किरकोळ, पण साऱ्या समाजाचा रक्तदाब तेवढा खाली आला तर लक्षणीय. तक्त्यावरून काढलेले अंदाज आणि लघवीतले मोजमाप यांचा मेळ मात्र कमकुवत निघाला.

म्हणून तक्ते टाकाऊ ठरत नाहीत. लघवीत कोणता अवशेष शोधायचा हे ठरवायलाही तो रेणू कोणत्या अन्नात, कोणत्या रूपात असतो ते आधी माहीत असावे लागते, आणि अशी खूण पटलेली द्रव्ये अजून मोजकीच आहेत. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठे आहेत. कांदा, ज्वारी, तूर, आंबा, कोकम यांच्या वाणांवर तिथे वर्षानुवर्षे काम चालते, आणि वाण प्रसारित करताना उत्पादन, रोगप्रतिकार, टिकवण क्षमता यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जातात. त्याच नोंदींत पॉलिफेनॉलचा एक रकाना नेमाने वाढवावा, असे मला मनापासून वाटते. मात्र त्या रकान्यात नुसती ‘एकूण पॉलिफेनॉल’ अशी निळ्या रंगावरून काढलेली संख्या नको. ती रंग-चाचणी क जीवनसत्त्वालाही पॉलिफेनॉल समजते, आणि आवळ्याचे जे एकदा झाले ते पुन्हा होईल. निदान पाच-सहा मुख्य रेणू वेगळे काढून मोजलेले असावेत. नमुना कोणत्या वाणाचा, कुठल्या शेतातला, काढणीनंतर किती दिवसांनी तपासला, सोलून की सालीसकट, हे शेजारी लिहिलेले असावे. आणि त्याच कांद्याचा एक नमुना तव्यावर परतूनही मोजावा.